दोन्हीकडे प्लग असलेली वायर

मामाच्या पडवीत खुंटीला एक वायर टांगलेली होती. दीड-दोन मीटरची, काळी, दोन्ही टोकांना थ्री-पिन प्लग. २०२० पासून ती तिथेच होती. प्रकरण जनरेटरचं असलं तरी मला ते या वायरपासूनच आठवतं.

घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. पुढे खळं, मागे नारळी-पोफळीचं आगर, आगराच्या टोकाला विहीर. मामा बहात्तरचा, मामी अडुसष्टची, आणि आजी, तिला रोज इन्सुलिन लागतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्याला लागलं आणि खाडीच्या या अंगालाही होत्याचं नव्हतं करून गेलं. निम्मी पोफळ आडवी झाली. खांब तर काडेपेटीतल्या काड्यांसारखे पडले. वाडीत लाइट यायला तीन आठवड्यांवर दिवस गेले. त्या दिवसांत कोणीतरी भाड्याने जनरेटर आणला, चार घरांत फिरवला. ज्या घरी जाईल तिथे ही वायर: एक टोक जनरेटरच्या सॉकेटात, दुसरं टोक घरातल्या कुठल्याही पंधरा अँपिअरच्या सॉकेटात. सगळं घर लख्ख. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा पाच दिवस पुन्हा तेच.

मी आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा ट्रेड शिकवतो. मामाने स्वतःचा जनरेटर घ्यायचं ठरवलं तेव्हा मला विचारलं, हे खरं. पण विचारलं ते घेऊन झाल्यावर.

खोक्यातून निघालेलं यंत्र

मशीन वाईट नव्हतं. ३ केव्हीएचं पेट्रोलवरचं, साधं, म्हणजे इन्व्हर्टर पद्धतीचं नाही. चाळीस-पंचेचाळीस किलो वजन, बटण-स्टार्ट आणि शिवाय दोरी. मला विचारून घेतलं असतं तरी मी हेच सांगितलं असतं, कारण घरात विहिरीवरचा १ एचपीचा पंप आहे. इन्व्हर्टर जनरेटरची वीज जास्त स्वच्छ, आवाज कमी, पेट्रोलही कमी, पण मोटर सुरू होतानाचा झटका त्याच्या इलेक्ट्रॉनिक्सला सोसत नाही, तो लगेच हात वर करतो. त्या झटक्यासाठी मोठा घ्यावा तर किंमत दुप्पट. (या ‘इन्व्हर्टर’ शब्दाने घरोघरी घोळ होतो. ‘आमच्याकडे इन्व्हर्टर आहेच की’ असं मामी म्हणाली, ते बॅटरीवाल्या इन्व्हर्टरबद्दल.)

बेत होता जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळं बसवायचं. पण ते वर्ष २०२५. पाऊस २० मेपासूनच कोसळायला लागला आणि २६ तारखेला तर मुंबईत मॉन्सून आल्याचं जाहीरही झालं. इकडे लाइट गेली. मामाने खोकं फोडलं.

पोचवायला आलेल्या पोराने सांगितलं होतं, ‘काका, पेट्रोल टाका आणि बटण दाबा.’ मामाने दाबलं. खरखर करून गप्प. मग दोरी. पंचवीस-तीस वेळा ओढली, चोक आत-बाहेर केला, स्पार्क प्लग पेट्रोलने भिजला, खांदा धरला. मला फोन आला तेव्हा तो कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता.

‘मामा, ऑइल टाकलंस का?’

‘नवीन गाडीत ऑइल असतं की.’

गाडीत असतं. नवीन जनरेटर मात्र वाहतुकीसाठी बहुधा कोरडाच पाठवतात. त्यात ऑइल कमी असेल तर इग्निशन तोडणारा एक सेन्सर असतो. तो सेन्सर नसता तर मशीन सुरू झालं असतं आणि काही मिनिटांत जाम होऊन भंगारात गेलं असतं. मामा ज्याला बिघाड म्हणत होता त्याने साठ हजार वाचवले.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो. पुस्तिकेत सांगितलेलं १०डब्ल्यू-३० ऑइल, साधारण सहाशे मिलि. इथेही एक गंमत. मामाने मशीन खळ्यात ठेवलं होतं आणि खळ्याला पाणी वाहून जावं म्हणून उतार असतो. उतारावर ऑइलची काडी खोटं बोलते. सपाट फळीवर घेतल्यावर पातळी बोटभर खाली निघाली. शिवाय या मॉडेलमध्ये पातळी बघताना काडी आटे फिरवून आत घालायची नाही, नुसती टेकवून बाहेर काढायची. प्लग काढून पुसला, दहा मिनिटं सुकू दिला. पहिल्या खेचेत चालू.

पडवीतला दीड तास

पाऊस होता म्हणून मशीन पडवीत घेतलं गेलं. मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर येऊन बघतो तर जनरेटर पडवीत, सायलेन्सरचं तोंड आगराकडे, माजघराचं दार उघडं, आणि ती खुंटीवरची वायर सॉकेटात. घरात पंखे फिरत होते. मामी ओट्याला टेकून म्हणाली, डोकं जड झालंय, मळमळतंय, रात्रीच्या जागरणाने असेल.

जागरणाने नव्हतं. मशीन आधी बंद केलं, तिघांनाही खळ्यात आणलं, छत्र्या धरून बसवलं. पंधरा-वीस मिनिटांत मामीचं डोकं उतरलं.

इथे थोडं थांबून लिहितो. धुराचा वास येतो, पण मारणारा कार्बन मोनॉक्साइड बिनवासाचा असतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने त्याला धरून ठेवतं. मग माणूस श्वास घेत असतो आणि आतून गुदमरत असतो. डोकं जड होणं ही पहिली पायरी. पुढची पायरी झोप, आणि त्या झोपेतून उठणं होत नाही. ‘पडवी तीन बाजूंनी उघडी आहे’ हे मामाचं म्हणणं खरं. पण पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि पडवी त्याच अंगाला आहे. वारा सगळा धूर ढकलून माजघरात नेत होता.

जागा बदलली. घराच्या ईशान्येला बारा मीटरवर जुना मांगर आहे, सरपण ठेवायचा, दोन बाजूंनी उघडा, वर पत्रे. तिथे जांभ्याच्या चिऱ्यांचा चौथरा करून मशीन ठेवलं, धुराचं तोंड आगराकडे. वारा आता धूर घरापासून दूर नेतो. सरपण मात्र दुसरीकडे हलवावं लागलं आणि त्यावरून मामी दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. माजघरात कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा अलार्म लावला.

वायरीचा न्याय

त्या दुपारी शेजारचे अण्णा आले होते. वायरीची खुंटी रिकामी बघून म्हणाले, ‘ती कशाला काढलीत? मेन स्विच पाडलं की झालं. निसर्गात महिनाभर वापरली, कोणाला काय झालं?’

‘अण्णा, मेन पाडायला एकदा विसरलात तर?’

‘नाही विसरत.’

मी कागदावर आकडे मांडले. आपल्या वाडीच्या डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, एका अंगाला ११ हजार व्होल्ट, दुसऱ्या अंगाला आपली लाइट. डीपीला उलट-सुलट कळत नाही. आपण घरातून २३० सोडले तर वरच्या तारेवर दहा हजारांच्या घरात चढतात. एरवी शेजारपाजारचा सगळा भार पडून जनरेटर दबून जातो, म्हणून बहुतेक वेळा काही होत नाही. पण वादळात तार घराजवळच तुटलेली असते, भार नसतो, आणि त्याच तारेवर लाइनमन काम करत असतो. निसर्गानंतर जोडणीला बाहेरच्या जिल्ह्यांतली पोरं आली होती. लाइन बंद आहे असं धरूनच ती खांबावर चढत. आणि वायरीचं दुसरं टोक सॉकेटातून निघालं की त्या उघड्या पिनांवर जिवंत वीज असते, ती वेगळीच. अण्णा काही बोलले नाहीत. चहा पिऊन गेले.

उपाय जुनाच आहे: चेंजओव्हर. मीटरनंतर, मेन स्विचच्या पुढे. दांडा एका बाजूला म्हणजे खांबावरची लाइट, मध्ये काहीच नाही, दुसऱ्या बाजूला जनरेटर. दोन्ही एकत्र येऊच शकत नाहीत. विसरायला काही उरतच नाही. गावातला वायरमन हातचा चांगला. पण तो सिंगल पोल घेऊन आला होता, फक्त फेज बदलणारा. ‘न्यूट्रल कशाला तोडायचा साहेब? न्यूट्रलला कुठे शॉक असतो?’ बाहेर तार तुटलेली असताना न्यूट्रलवर काय येईल याचा भरवसा नसतो, आणि पुढे अर्थिंगच्या गोष्टीतही न्यूट्रल वेगळा असणं गरजेचं होतं. डबल पोल आणायला त्याला परत बाजारात पाठवलं. तो तणतणत गेला, पण गेला.

मेनच्या बाजूला एक छोटा इंडिकेटर दिवा लावला. जनरेटरवर असताना लाइट परत आली की तो पेटतो. नाहीतर शेजारच्या घरात पंखा फिरतोय का हे बघायला मामीला दर अर्ध्या तासाने खळ्यात जावं लागलं असतं.

‘न्यूट्रलला पण टेस्टर लागतोय’

जोडणी झाली, मशीन सुरू केलं, आणि वायरमन सॉकेटात टेस्टर घालून ओरडला, ‘रिटर्न येतोय!’ दोन्ही भोकांत टेस्टर मंद पेटत होता. मीटर लावला. फेज ते न्यूट्रल २३१. फेज ते अर्थ ११८, न्यूट्रल ते अर्थ ११०.

हा दोष नव्हे. बहुतेक छोट्या जनरेटरचा न्यूट्रल आतून कशालाच बांधलेला नसतो, तरंगता असतो. एक एक्स्टेंशन लावून ड्रिल चालवायचं असेल तर ते उलट बरंच. पण घराला जोडलं की गोष्ट बदलते. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे, म्हणजे गळती झाली की लाइट तोडणारा स्विच. तो आत गेलेली आणि परत आलेली वीज यांच्यातला फरक बघतो. न्यूट्रल जमिनीशी बांधलेलाच नसेल तर गळती झालेल्या विजेला परतीची वाटच नाही, फरक पडत नाही, आरसीसीबी पडत नाही. आता फसगत कुठे होते ते बघा. वायरमनने आरसीसीबीवरचं टेस्ट बटण दाबलं, तो पटकन पडला. ‘चालतोय की!’ टेस्ट बटण आतल्या आत फेज-न्यूट्रलमध्येच खोटी गळती दाखवतं, त्याला अर्थ लागत नाही. मी सॉकेट टेस्टर लावला, ज्याचं बटण फेजवरून अर्थमध्ये खरी गळती सोडतं. दाबलं. काही नाही. आरसीसीबी ढिम्म.

वायरमन माझ्याकडे बघत राहिला. सिंगल पोलचा राग तिथे संपला असावा.

पुस्तिकेत या मॉडेलला परवानगी आहे हे बघून मशीनचा न्यूट्रल, मशीनची बॉडी आणि अर्थ एकाच ठिकाणी बांधले. आता फेज-अर्थ २३०, न्यूट्रल-अर्थ शून्य, आणि सॉकेट टेस्टरचं बटण दाबताच आरसीसीबी खाली. चेंजओव्हरमध्ये न्यूट्रलही बदलतो, म्हणून ही गाठ फक्त जनरेटरच्या वेळी कामाला येते. इन्व्हर्टर जनरेटर असेल तर हे डोळे झाकून करू नये, काहींच्या आतली रचना वेगळी असते.

अर्थिंगसाठी जीआय पाइप, अडीच मीटर. जांभ्यात खोदायचं म्हणजे पहार वाजते आणि भोक पडत नाही. घराजवळ मोजल्यावर ३८ ओहम आले. आरसीसीबीला तेवढे पुरतात, पण दुसरा पाइप विहिरीकडच्या ओल्या मातीत घालून दोन्ही जोडले तेव्हा ९ वर आलो.

पंप ‘हुं’ करतो

ज्याच्यासाठी मशीन घेतलं तो पंपच चालेना. स्विच टाकला की ‘हुंऽऽ’ असा आवाज, जनरेटरचा घसा बसल्यासारखा, दिवे पिवळे, आणि मग ट्रिप. मामाने निकाल दिला: ‘मशीन लोड घेत नाही. परत करू.’

तीन केव्हीए म्हणजे साधारण १३ अँपिअर. पंप चालू असताना सहाच्या आसपास घेतो. पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या पाचपट मागतो. कपॅसिटर तपासला, बरा होता. मग मीटर घेऊन एकाने जनरेटरपाशी आणि एकाने विहिरीवर उभं राहायचं ठरलं. मामाचा नातू विहिरीवर. स्विच टाकला त्या क्षणी इकडे १७८, तिकडून पोरगा ओरडला, ‘एकशे एकोणपन्नास!’

मधले एकोणतीस व्होल्ट कुठे गेले? वायरीत. घर ते विहीर ४५ मीटर, दीड चौरस मिमीची वायर. जाऊन-येऊन नव्वद मीटर, म्हणजे एक ओहमच्या वर. खांबावरच्या लाइटीवर तीच वायर पंधरा वर्षं चालली, कारण मागे डीपीचा जोर असतो, २३० चे २०० झाले तरी मोटर उचलते. जनरेटर स्वतःच १७८ वर बसलेला. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गात घटतो, १४९ ला तो निम्म्याहूनही कमी राहतो.

वायर चार चौरस मिमीची केली. आणि पंप सुरू करताना दुसरं काहीही चालू ठेवायचं नाही, हे ठरवलं. पहिल्या वेळी फ्रिज आणि इन्व्हर्टरची चार्जिंग दोन्ही चालू होतं, ते कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आता स्विच टाकताना जनरेटर १९० वर थांबला, पंपाने एक सेकंद विचार केला आणि पाणी आलं. मशीन परत करायचं प्रकरण तिथेच बुडालं.

बॅटरीवाला इन्व्हर्टरही रुसला होता. जनरेटरची लाइट दिली की आत टक्-टक् करायचा, घ्यायचा आणि सोडायचा. मशीन मोकळं असताना ५२ हर्ट्झवर जातं, भार पडला की ५० वर येतं. इन्व्हर्टर मागच्या बटणाने ‘यूपीएस’वर ठेवला होता, तिथे त्याला हा चढउतार चालत नाही. बटण दुसरीकडे केलं, चार्जिंग सुरू.

बावन्न तास

खरी परीक्षा जुलैत झाली. आंब्याचं झाड तारांवर पडलं आणि लाइट ५२ तास गेली. मी तिथे नव्हतो. पुढचं मामीच्या वहीतून.

आधी मामाचा हिशोब असा होता की लाइट गेली की जनरेटर, येईपर्यंत. पण मांगरात पेट्रोल किती ठेवणार? विक्रीसाठी नसेल तर विनापरवाना ३० लिटरपर्यंत ठेवता येतं, तेही घट्ट झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये. प्लॅस्टिकचं कॅन नाही. अखंड चालवलं तर दीड दिवसात संपेल. म्हणून वेळा ठरवल्या: सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन-अडीच तास. आधी एकटा पंप, टाकी भरेपर्यंत. मग फ्रिज. मग इन्व्हर्टरची चार्जिंग, मिक्सर, मोबाइल. बाकीचा सगळा वेळ घर १५० एएचच्या बॅटरीवर: रात्री कमी वीज खाणारा एक बीएलडीसी पंखा, दोन दिवे. फ्रिज मधल्या वेळात उघडायचा नाही. आजीचं इन्सुलिन थर्मासात.

बावन्न तासांत मशीन ११ तास चाललं. पेट्रोल ९ लिटर. वीज साधारण ८ युनिट. लिटरला १०५ धरले तरी युनिट ११८ रुपयांना पडलं. मामाने हा आकडा ऐकल्यापासून इस्त्री जनरेटरवर करत नाही.

पेट्रोल भरायचं ते मशीन थंड झाल्यावर, बॅटरीच्या उजेडात. काम संपलं की पेट्रोलचा कॉक बंद करून मशीन आपोआप बंद पडू द्यायचं, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल राहत नाही. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं, आणि आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल ओढतात. कॅनमधलं जुनं पेट्रोल मामा दर महिन्याला स्कूटरमध्ये ओततो आणि नवीन आणतो. महिन्यातून एकदा वीस मिनिटं, पंप लावून, मशीन फिरवतो. पहिलं ऑइल वीस तासांनी बदललं. बशीत काढलं तेव्हा उन्हात त्यात बारीक रुपेरी कण चमकत होते, नव्या इंजिनाची घासलेली धातू. मामाने ती बशी शेजारपाजाऱ्यांना दाखवली. तासांचा हिशोब मांगराच्या भिंतीवर कोळशाने आहे, दूधवाल्याच्या खात्यासारखा. पुढचं ऑइल शंभर तासांना.

चालवते ती मामी. मामाचा खांदा अजून दुखतो, आणि खरं सांगायचं तर त्याला क्रम पाळवत नाही. चेंजओव्हरच्या पेटीवर मामीने स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला आहे. मी सांगितलेल्या सहा ओळी आहेत, त्याखाली तिने सातवी घातली आहे: ‘लाल दिवा पेटला तरी दहा मिनिटे थांबणे. आल्यासारखी करून परत जाते.’

जुलैत त्या दोन संध्याकाळी मांगरात बाहेरच्या सॉकेटावर एक पट्टी लावून वाडीतले मोबाइल चार्जिंगला ठेवले होते. मामीने मोजले, चौदा. त्यातला एक अण्णांचा. ती दोन प्लगांची वायर मी मेमध्येच मधोमध कापली होती. एका तुकड्याला मामाने सॉकेट जोडून घेतलं, तीच ही पट्टी.

मे महिन्यात जमीन सुकल्यावर अर्थिंग पुन्हा मोजायला जायचं आहे. नऊ ओहम पावसाळ्यातले आहेत.